अकरावा कागद

फाइलीत अकरा कागद होते. यादीत दहा. मी ते दोनदा मोजले, एकदा वरून खाली, एकदा खालून वर, कारण टाचणीपाशी दोन कागद चिकटून एक झालेले मी पूर्वी पाहिले आहेत. अकराच होते. फोटो लावलेला अर्ज, बारावीची गुणपत्रिका, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मुलीच्या पासपोर्टची झेरॉक्स, मुलीचं सिव्हिल आयडी, वडिलांचं सिव्हिल आयडी, वडिलांच्या पगाराचा कंपनीच्या लेटरहेडवरचा दाखला, घरभाड्याची पावती आणि कॉलेजचं प्रवेशपत्र. हे दहा झाले. सगळ्यांत खाली, कुणीही न मागितलेला, चार घड्या पडलेला बँकेच्या खात्याचा उतारा होता, सहा महिन्यांचा.

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाची शिक्षण-मदत समिती तीन माणसांची आहे. चंद्रहासकाका अध्यक्ष. ते अहमदीला तेल कंपनीत इंजिनिअर म्हणून बाबांच्या बरोबरीने लागले आणि पुढच्या वर्षी निवृत्त होतील. नीरजाताई इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवतात. आणि मी, मागच्या वर्षी पुण्याहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून परत आलेली, पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला. मला समितीत घेतलं ते इतिवृत्त लिहायला. चंद्रहासकाका मला आमच्या शास्त्रज्ञ बाई म्हणतात आणि चहा ओतताना कपात साखर किती ग्रॅम टाकू असं विचारतात. त्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता त्यांच्याच दिवाणखान्यात आम्ही बसलो होतो आणि समोर सोफ्याच्या अगदी कडेला, पाठ न टेकता, सखारामकाका बसले होते. कुडाळजवळच्या एका गावचे, एसी मेकॅनिक, बावीस वर्षं कुवेतमध्ये. कामावरून थेट आले होते, पण शर्ट बदलला होता. त्यांच्या मुलीला, विशाखाला, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला जागा मिळाली होती. येत्या रविवारी पहिली फी भरली नाही तर ती जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या नावाला जाणार होती. नीरजाताईंनी नेहमीचे दोन प्रश्न विचारले. काकांनी उत्तरं दिली, पण बघत होते ते भिंतीवरच्या एसीच्या जाळीकडे, जसा एखादा डॉक्टर लग्नाच्या पंगतीतही शेजारच्याचा खोकला ऐकत असावा.

मी उतारा वाचत होते. दर महिन्याला साडेचारशे दिनार जमा. त्यानंतर तिसऱ्या दिवशी एकशे पंच्याऐंशी दिनार रोख काढलेले. फेब्रुवारीत तसं, मार्चमध्ये तसं, एप्रिलमध्ये तसं. सहाच्या सहा महिने एकशे पंच्याऐंशी. माझ्या कामात सहा वेळा एकच आकडा आला तर आम्ही पाण्यावर विश्वास ठेवत नाही, यंत्र तपासतो. पाणी थोडं तरी हलतं. माणसाचा खर्चही हलतो, ईद असते, गणपती असतात, कुणाला ताप येतो. मला त्यात संशय नव्हता, हे मला आजही नीट आठवतं. होतं ते निव्वळ कुतूहल. सारखेपणा दिसला की माझ्या डोक्यात जी खाज सुटते ती सुटली आणि मी मान वर न करता विचारलं, "काका, दर महिन्याला तिसऱ्या दिवशी हे एकशे पंच्याऐंशी निघतात. अगदी तेवढेच. हे कुठे जातात?"

मग मी मान वर केली. सखारामकाकांनी जाळीवरची नजर काढून माझ्याकडे आणली होती. ती रागाची नव्हती. रस्त्यात चालताना आपल्या पिशवीतून काहीतरी पडलं आणि ते मागच्या माणसाने मोठ्याने ओरडून सांगितलं, तर आपण जसं वळून बघू तसं ते बघत होते. मग ते म्हणाले की गावाक पाठवतो. नीरजाताईंनी पेनाला टोपण लावलं. गावाला पैसे एक्स्चेंजमधून जातात आणि त्याची पावती असते, हे त्या खोलीत चौघांनाही माहीत होतं. चंद्रहासकाका उठले आणि म्हणाले, चहा घेऊ या.

घरी येऊन मी बाबांना विचारलं. बाबांनी टीव्हीचा आवाज आधी कमी केला आणि मग बंदच केला, त्यावरून मला कळलं की उत्तर लांबलचक आहे. ते म्हणाले, बायकोमुलांना इथे आणायचं तर कागदावर ठरावीक पगार लागतो. मेकॅनिकला तेवढा पगार कोण देतो? मग काही ठेकेदार कागदावर तेवढा लिहितात. कागदावर आहे म्हणून बँकेतही तेवढाच भरतात. आणि मग माणूस वरचा फरक रोख काढून ठेकेदाराच्या हातात परत देतो. तक्रार कुणाची नसते, कारण तक्रार केली तर सगळ्यात आधी कुटुंबाचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, जाईल. मी म्हटलं, म्हणजे त्यांच्या हातात दोनशे पासष्ट येतात. बाबा म्हणाले, हो, वजाबाकी बरोबर आहे. मग म्हणाले की हे सगळ्यांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं. चोवीस वर्षांपैकी सतरा मी इथे काढली आणि मला माहीत नव्हतं, कारण आमच्या घरी बाबांचा कागदावरचा पगार आणि हातातला पगार तिसऱ्या दशांशापर्यंत, फिल्सपर्यंत, एकच असायचा. माझी शाळेची फी कंपनी भरत असे. तिला एज्युकेशन अलाउन्स म्हणत. लहानपणी मला वाटायचं ती सगळ्यांचीच कुणीतरी भरतं, जसं रस्त्यावरचे दिवे कुणीतरी लावतं.

त्या आठवड्यात मी लॅबमध्ये बसून मदतीचे सगळे प्रकार पुन्हा वाचून काढले, कॉलेजचे आणि आमचे. कॉलेज तीन तऱ्हांनी फी कमी करतं. एक गुणांवर, त्याला नव्वद टक्के लागतात आणि विशाखाला अठ्ठ्याहत्तर होते. दुसरी कामाच्या बदल्यात, म्हणजे ग्रंथालयात नाहीतर प्रयोगशाळेत आठवड्याला काही तास, पण वडिलांच्या इकाम्यावर राहणाऱ्या मुलीला ते काम देता येणार नाही असं त्यांच्या पत्रकात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. तिसरी गरजेवर, आणि गरज कोण ठरवणार तर त्या त्या समाजाचं मंडळ. मंडळाने शिफारस केली की अर्धी फी कॉलेज सोडतं, उरलेल्यातली अर्धी मंडळ देतं. त्यासाठी आमच्या मंडळाची उत्पन्नाची मर्यादा महिना साडेतीनशे दिनारांची. कागद म्हणतो साडेचारशे. हात म्हणतात दोनशे पासष्ट. कागदाच्या बाजूने गेलं तर अर्ज नामंजूर. हातांच्या बाजूने गेलं तर मला इतिवृत्तात लिहावं लागेल की कागद खोटा आहे, आणि इतिवृत्त फाइलीबरोबर कॉलेजात जातं, तिथल्या कारकुनाच्या टेबलावर, तिथून पुढे कुठे ते कुणीच सांगू शकत नाही. तिसरा रस्ता मला दिसत नव्हता. माझ्यासमोर काचेच्या बाटल्यांची रांग होती, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि क्रमांक, आणि मला प्रथमच असं वाटलं की पाण्याला काहीही विचारता येतं हे पाण्याचं केवढं मोठं सौजन्य आहे.

सखारामकाका मला पूर्वीपासून माहीत होते, हे मी बैठकीत कुणाला सांगितलं नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना आमच्या अहमदीच्या घरचा एसी बंद पडला आणि ठेकेदाराचा माणूस म्हणून ते आले. तेव्हा ते इथे एकटेच राहत. जुलै होता. मी माझ्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून त्यावर बसले होते. त्यांनी जाळी काढली, फिल्टर न्हाणीघरात नेऊन धुतला, काहीतरी पिळलं, काहीतरी ठोकलं, आणि मग खिशातून पेनासारखी एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. तिला टोकाला बारीक सळई होती. ते म्हणाले, ही जाळीत धर आणि आकडा वाच. मी स्टुलावर चढून धरली. सोळा, मी म्हटलं. मग ते म्हणाले, आता खोलीच्या मध्ये उभी राहा आणि वाच. सव्वीस. वजा कर, म्हणाले. दहा. मग त्यांनी मान हलवली आणि सांगितलं की दहाचा फरक आला म्हणजे मशीन बरं झालं, माणसाला गार वाटतं की नाही ते विचारायचं नाही, माणूस उगाच हो म्हणतो. मी पुढे किती यंत्रं हाताळली, पण आत किती आणि बाहेर किती, हे मी पहिल्यांदा त्या स्टुलावर शिकले. निघताना ते माझ्या अभ्यासाच्या टेबलापाशी थांबले होते. त्यावर पृथ्वीचा गोल होता, दिवा होता, वीस रंगांची पेटी होती. त्यांनी टेबलाच्या कडेवर अंगठा ठेवला आणि वीत टाकत टाकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. सहा विती आणि वर चार बोटं. कशासाठी मोजलं ते मी विचारलं नाही. तेव्हा मला न विचारता राहणं जमत असे. मंगळवारी त्यांनी मला ओळखलं होतं की नाही, हे मी तीन दिवस ठरवू पाहत होते. ओळखलं असेल, समितीतल्या नावावरून आधीच, तर तो कागद त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून फाइलीत घातला असेल, आणि या विचाराशी आलं की मी उठून लॅबभर एक फेरी मारत असे.

बुधवारी चंद्रहासकाकांचा फोन आला. नेहमीसारखी थट्टा नव्हती. त्यांनी विचारलं, यादीत कागद किती? मी म्हटलं, दहा. ते म्हणाले, मग फाइलीतही दहाच असतील. नंतर म्हणाले की अकरावा ज्याचा आहे त्याला परत दे, आणि नियमावलीतला नववा नियम वाच, तो मीच लिहिलाय, पंधरा वर्षांपूर्वी, कुणी वाचत नाही. मी त्यांना विचारलं की नीरजाताईंचं काय म्हणणं आहे. ते म्हणाले, नीरजाने मंगळवारी तुझ्या प्रश्नानंतर टोपण लावलं, ते अजून काढलेलं नाही.

नववा नियम असा होता : कागदावरचं उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक असलं तरी समितीच्या सदस्याने घरभेट देऊन वीसपैकी किमान सोळा गुण दिले, तर अर्ज मान्य समजावा. गुणांचं कोष्टक सोबत जोडलं होतं. ते अर्जदाराला दाखवायचं नाही असं वर कंसात लिहिलं होतं. माणशी जागा पाच चौरस मीटरहून कमी असली तर पाच गुण. स्वयंपाकघर तीन कुटुंबांत असलं तर चार. न्हाणीघर आठ किंवा अधिक माणसांत असलं तर तीन. अभ्यासाला टेबल नसलं तर चार, असलं तर शून्य. खोलीचं तापमान अठ्ठावीसच्या वर असलं तर चार, पंचवीस ते अठ्ठावीस असलं तर दोन, पंचवीसच्या खाली असलं तर शून्य. इंजिनिअरने गरिबी मोजायची ठरवली म्हणजे जे होईल ते हे होतं, आणि मला ते आवडलं, कारण त्यात कुणाला काही विचारायचं नव्हतं.

तरी अकरावा कागद काढताना टाचणी माझ्या बोटाला लागली आणि मी बराच वेळ तो हातात धरून बसले. पुण्याला दुसऱ्या वर्षी एका प्रयोगात माझी पाच मापनं आली होती, त्यातलं एक भलतंच. मी चार लिहिली. सरांनी वही उघडली, खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं की ते पाचवं कुठे गेलं. मी म्हटलं, ते चुकलं होतं. ते म्हणाले, चुकलं होतं हे तुला कुणी सांगितलं? तेव्हापासून मी काहीही गाळत नाही. वाण्याच्या पावतीतलीसुद्धा ओळ गाळत नाही. आणि आता मी फाइलीतला एकमेव खरा कागद काढून पाकिटात घालत होते आणि आत ठेवत होते तो दाखला, ज्यावरची सही खरी होती, शिक्का खरा होता आणि आकडा खोटा होता.  मी पाकीट बंद केलं, वर काहीच लिहिलं नाही.

शुक्रवारी दुपारी पावणेतीनला मी सबाह अल-सालेमला पोहोचले. तिसरा मजला, लिफ्टचं दार हाताने ओढायचं. तीन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये तीन बिऱ्हाडं होती. पहिल्या खोलीत केरळच्या दोन नर्स, मधल्या खोलीत हैदराबादची जवेरिया, तिचा नवरा आणि दोन मुली, आणि शेवटच्या खोलीत सखारामकाका, नर्मदाकाकू आणि विशाखा. म्हणजे नऊ माणसं. स्वयंपाकघर एक, न्हाणीघर एक. नर्मदाकाकूंनी दार उघडलं. त्यांनी लग्नकार्यात नेसतात तशी साडी नेसली होती आणि डोक्याला तेल लावून अंबाडा घातला होता. आत शिरताच मला पहिली जाणीव झाली ती थंडीची. बाहेर रस्त्यावर सेहेचाळीस अंश होते आणि त्या खोलीत माझ्या दंडावर काटा आला. सखारामकाका स्टुलावरून उतरत होते. त्यांची आठवड्याची एकुलती सुट्टी, आणि सकाळपासून त्यांनी त्या खिडकीतल्या जुन्या एसीचा एकेक भाग खोलून धुतला होता. मशीनखाली नायट्रोजनची बाटली उभी होती आणि ब्रश, चिंध्या असा बाकीचा पुरावा त्यांच्या बादलीत अजून होता. इंजिनिअरसाहेबांची मुलगी घर बघायला येणार, तिला उकडायला नको. खिशातून त्यांनी ती पेनासारखी वस्तू काढली, नवी होती, आणि माझ्यापुढे धरली. म्हणजे त्यांनी मला ओळखलं होतं. मंगळवारीही ओळखलं होतं.

मी सळई जाळीत धरली. अकरा. खोलीच्या मध्ये उभी राहिले. तेवीस. काकांचा चेहरा फुलला. "दहाचो फरक होयो," ते म्हणाले, "हय बाराचो आसा." मी मान हलवली. चार गुण गेले. त्यांनी ते आपल्या हाताने धुऊन, पुसून, गार करून मला दिले होते आणि ते गेले होते. मी मनात हिशेब करू लागले की दार उघडं ठेवलं, बोळातली हवा आत आली, चार माणसांची ऊब धरली, तर तेवीसचे एकोणतीस व्हायला किती मिनिटं लागतील. वीस, फार तर पंचवीस. एसी बंद करा, मला सर्दी आहे, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते गिळलं ते प्रामाणिकपणाने की त्यांच्या चेहऱ्याकडे बघून, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

मी टेप काढली. विशाखाने दुसरं टोक धरलं. ती उंच, सावळी, कानात बारीक खडे, आणि आईवडिलांशी मालवणीत आणि माझ्याशी इंग्रजीत बोलणारी. तिने टोक भिंतीला नुसतं टेकवलं नाही, पट्टीच्या सुरुवातीची लोखंडी कड हलते ती आधी दाबून धरली. हे मी कुणाला शिकवल्याशिवाय करताना पाहिलेलं नव्हतं. तीन पूर्णांक सहा गुणिले तीन पूर्णांक नऊ. माणशी चार पूर्णांक अडुसष्ट. जागेचे पाच, स्वयंपाकघराचे चार, न्हाणीघराचे तीन. बारा झाले. आणि दाराजवळ टेबल होतं.

चांगलं टेबल होतं. त्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ होता, एका बाजूने जमिनीपर्यंत लोंबणारा. वर विशाखाची पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, पेला भरून पेन्सिली, समोर खुर्ची. नर्मदाकाकूंनी मला मुद्दाम तिकडे वळवलं आणि सांगितलं की ही हयच बसान अभ्यास करता. मी होय म्हटलं. पण माझी नजर खाली गेली होती. फरशीवर जुनं लिनोलियम होतं आणि दार रोज उघडून-मिटून त्यावर वर्तुळाचा एक चतुर्थांश भाग झिजून पांढरा पडला होता. तो कमानीसारखा पट्टा दाराच्या कडेपासून निघून टेबलाच्या दोन पायांखालून जात होता. टेबल तिथे असेल तर ते दार तेवढं उघडूच शकत नाही. आत येताना मीही अर्धवट दारातून तिरकी होऊन आले होते. म्हणजे हे टेबल आजचं होतं. मला ते कळलं, अगदी एकशे पंच्याऐंशी कळलं होतं तसंच स्वच्छ कळलं, आणि जिभेवर प्रश्न आला. मी तो विचारला नाही. कोष्टकात आहे किंवा नाही एवढंच लिहायचं होतं. समोर टेबल उभं असताना नाही कसं लिहू? आणि आहे लिहिलं तर बारावर बेरीज संपते.

काकू चहा आणायला गेल्या. मी पिशवीतून पाकीट काढून सखारामकाकांना दिलं. त्यांनी ते उघडलं नाही. बोटांनी दाबून आतल्या घड्या ओळखल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मी म्हटलं की मंगळवारी मी तसं विचारायला नको होतं. त्यांनी जाळीकडे बघितलं. मग हळू म्हणाले, "तो कागद वाचूचो होतो, बाय. बोलूचो न्हय." आणि काकू स्वयंपाकघरातून येत नाहीत ना हे बघून पुढे म्हणाले, "त्या आकड्यार ह्यो दोघी हय आसत."

म्हणजे त्यांनी तो भाबडेपणाने घातला नव्हता. त्यांना काही सांगायचं होतं आणि सांगायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी सहा महिने एकाखाली एक ठेवले आणि मशीनच्या जाळीत सळई धरावी तसे माझ्यापुढे धरले. आत किती, बाहेर किती, वजा कर. मी वजाबाकी केलीही होती. फक्त मोठ्याने केली. मला नऊ वर्षांची मुलगी आठवली जी स्टुलावरून ओरडून आकडे सांगत होती आणि सगळे तिचं कौतुक करत होते.

काकू चहा घेऊन आल्या, बशीत खटखटे लाडू होते. मी लाडू फोडायचा प्रयत्न करत होते आणि कोष्टक माझ्या मांडीवर पालथं होतं. मी काय लिहिणार हे मला माहीत नव्हतं. विशाखा खुर्चीत बसली नव्हती, कपाटाला टेकून उभी होती. ती इंग्रजीत म्हणाली, "मुक्तादीदी, तुम्ही मघापासून दाराच्या खुणेकडे बघताय."

मी लाडू बशीत परत ठेवला.

"ते टेबल सनाचं आहे. मधल्या खोलीतल्या. तिची चारला ट्यूशन असते, त्याच्या आत परत द्यायचंय." हे तिने मराठीत सांगितलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

नर्मदाकाकूंनी बशी खाली ठेवली आणि तिला गप गो म्हणाल्या. काकांनी मान खाली घातली. मला त्या दोघांकडे बघवेना, म्हणून मी विशाखाकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते, नजर मात्र माझ्यावरच होती. मी विचारलं, हा प्रश्न मला विचारावाच लागला, की मग तू अभ्यास कुठे करतेस. तिने कोपऱ्यातल्या कंबरेइतक्या उंच फ्रिजकडे बोट केलं. त्यावर आज फुलदाणी होती. ती म्हणाली, तिथे. उभं राहून. मग हसली आणि पुन्हा इंग्रजीत म्हणाली की झोप येत नाही, कॉम्प्रेसर थरथरतो.

मी उठून फ्रिजपाशी गेले. फुलदाणी उचलली. खाली पांढऱ्या रंगावर दोन फिकट, घासून गुळगुळीत झालेले डाग होते, एकमेकांपासून साधारण दोन वितींच्या अंतरावर, जिथे माणसाची कोपरं येतात तिथे. मी त्यांच्यावर माझी कोपरं ठेवून पाहिली. ती बसली. कॉम्प्रेसर चालू झाला आणि माझ्या हाताच्या हाडांतून वर खांद्यापर्यंत एक बारीक थरथर आली. बारावीचं पूर्ण वर्ष, अठ्ठ्याहत्तर टक्के.

सव्वातीन झाले होते. काका उठले, त्यांनी पुस्तकं उतरवली, टेबलक्लॉथची घडी केली आणि टेबलाचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. निघण्याआधी त्यांनी सवयीने कडेवर अंगठा ठेवला, मग हात मागे घेतला. आम्ही ते तिरकं करून दारातून बाहेर काढलं आणि जवेरियाच्या खोलीत नेऊन ठेवलं. सना बाजूला झाली आणि थँक्यू अंकल म्हणाली. परत आले तेव्हा दार पूर्ण उघडं होतं, झिजलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकापर्यंत. मी दारातच उभी राहून कोष्टक भरलं, पेन्सिलीने नाही, पेनाने.

जागा, पाच. स्वयंपाकघर, चार. न्हाणीघर, तीन. अभ्यासाचं टेबल नाही, चार. खोलीचं तापमान तेवीस, शून्य. एकूण वीसपैकी सोळा.